सीटखालचा पत्रा

पाटीवरचं ते वाक्य मास्तरीणबाईंना तोंडपाठ होतं, तरी दर रविवारी त्या ते नव्याने वाचायच्या आणि दर रविवारी त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. संग्रहालयाच्या मोठ्या शेडमध्ये जुनं लढाऊ विमान उभं, आणि त्याच्या नाकासमोर लोखंडी पायांवर ही पाटी. विमान खोक्यांत भरून बोटीने कसं आलं, कुणी जोडलं, कुठकुठल्या तळांवर उडलं, सरहद्दीवरच्या लढाईत त्याने काय पराक्रम केला, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. आणि खाली, शेवटाला येता येता: 'पायलट चाकं उघडायला विसरल्यामुळे विमान धावपट्टीवर पोटावर घसरलं आणि सेवेतून बाद झालं.'

विसरल्यामुळे. जणू काही माणूस बसमध्ये छत्री विसरला.

तो विसरलेला पायलट म्हणजे बाईंचे बाबा. अजून ठणठणीत होते, कानाने थोडे कमी, डोळ्यांनी बरेच कमी, पण रविवार उजाडला की दाढी करून, बूट घालून दाराशी उभे. विमानाकडे जायचं असायचं. ज्या विमानाने आयुष्याची माती केली त्याला भेटायला माणूस इतका नटून कसा जातो, हे बाईंना कधी कळलं नाही. त्या मुकाट्याने गाडी काढायच्या.

गाडी हाच त्यांचा धंदा. गाडी शिकवायची शाळा होती त्यांची. अर्ध्या शहराला क्लच आणि ब्रेक त्यांनीच शिकवलेला, आणि शिकवताना त्या अर्ध्या शहराचा पाणउतारा केलेला. 'मास्तरीणबाई' हे नाव विद्यार्थ्यांचं. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. त्यांचा बाप कोण हे ज्यांना माहीत होतं ते मागे हसायचे, की बापाने चाकं विसरली म्हणून लेक जन्मभर चाकं शिकवतेय. बाईंच्या कानावर ते आलं होतं. ज्याने म्हटलं त्याला त्यांनी परीक्षेच्या आदल्या दिवशी शाळेतून हाकलून दिलं आणि वर सांगितलं, की कुठे जायचं ते जा आणि चालत जा.

राग काही आजचा नव्हता. लहानपणी तळावरच्या वसाहतीत त्या वाढल्या, तेव्हा बाबांचं नाव 'घसरगुंडी' पडलेलं होतं. अधिकारी गालातल्या गालात हसत म्हणायचे, पोरं उघड म्हणायची. मैदानात घसरगुंडीवर चढलं की खालून कुणीतरी ओरडायचं, चाकं काढली का गं? बाईंनी एकीचा दात पाडला होता. घरी आल्यावर आईने विचारलं, कुठला? समोरचा, असं कळल्यावर आई म्हणाली, बरं झालं. बाबांनी मात्र हात धरून त्यांना त्या मुलीच्या घरी नेलं आणि माफी मागायला लावली. तो माणूस असाच. विमानातून उतरवून त्याला कोठाराच्या टेबलावर बसवलं, तर तो तिथे ब्लँकेटं मोजत बसला. नोकरी संपल्यावर एका कारखान्याच्या गोदामात तेच केलं. आवाज म्हणून चढवला नाही.

बोलायचे ते एवढंच, आणि दर वेळी त्याच शब्दांत. लढाईतून परतत होतो. रेडिओ मेलेला, टाकीत नावाला इंधन. लिव्हर खाली ओढली, चाकं आली नाहीत. चाकं आली की समोर तीन हिरवे दिवे लागतात, एकही लागला नाही. पुन्हा ओढली. लिव्हर हातात लुळी होती, तिला पुढे काही जोडलेलंच नसल्यासारखी. परत वर जाऊन घिरट्या घालायला इंधन नव्हतं. मग पोटावरच उतरवलं, आणि सरळ रेषेत उतरवलं.

सीटखाली एक पत्रा असतो, त्याखाली लिव्हरचं टोक आणि चाकांकडे जाणारी दांडी एका सांध्यात जोडलेली असतात, आणि त्या सांध्यात करंगळीएवढी पिन असते. बाबांचं म्हणणं, ती पिन तुटली. चौकशीला आलेल्या साहेबांनी कॉकपिटमध्ये डोकावून बघितलं, लिव्हर वर होती. झालं, विसरला. बाबांनी सांगितलं, की सांधा तुटला असेल तर विमान घसरताना हादऱ्याने लिव्हर आपोआप वर उडते, पत्रा उघडून बघा. साहेब म्हणाले, विमान तसंही भंगारात जाणार, आता पत्रा उघडून काय करायचंय. खापर फोडायला डोकं मिळालेलं असताना पत्रा कोण उघडतो?

आणि गंमत अशी, की विमान भंगारात गेलंच नाही. इंजिन काढून घेतलं, चाकं खालून हाताने ओढून जागच्या जागी पक्की केली आणि ते तांत्रिक शाळेला दिलं. तिथे पोरांनी त्याच्या पंखांवर रिबिटं मारायला शिकून घेतलं. मग ते तळाच्या फाटकाशी सिमेंटच्या खांबावर चढवलं. मोठा साहेब यायचा असला की त्याला घरांना लावतात तो ऑइलपेंट फासायचे. शेपटीत पाखरांनी घरटी केली. सगळ्यांनी त्या विमानाला हात लावला, पण सीटखालच्या पत्र्याला कुणी लावला नाही, कारण त्याखाली कुणाचं काही काम नव्हतं. पुढे तळ बंद झाला आणि संग्रहालयाने ट्रेलरवर घालून विमान इथे आणलं. बाबांनी ते पेपरात वाचलं आणि तेवढंच म्हणाले, म्हणजे तो सांधा अजून तसाच असणार.

बाईंनी मग क्युरेटरसाहेबांचं डोकं खायला सुरुवात केली. क्युरेटर म्हणजे संग्रहालयाचा मुख्य माणूस. सभ्य, हळू बोलणारा, प्रत्येक वाक्याआधी चष्मा पुसणारा. त्याचं म्हणणं, पाटीवर जे आहे ते सरकारी चौकशीतलं आहे, ते मी माझ्या मनाने बदलू शकत नाही. पण पत्रा उघडला आणि पिन तुटलेली निघाली, तर पाटी बदलीन, पेपरवाल्यांना बोलावीन, सगळं करीन. फक्त ते रीतसर व्हायला हवं. बाबांच्या समोर, कॅमेऱ्यासमोर, बाहेरचा एक तज्ज्ञ बोलावून. तोवर गाजावाजा नको, नाहीतर उद्या लोक म्हणतील ठरवून केलं. बाईंना हे पटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणाचं तरी म्हणणं पटलं, आणि तेच त्यांना महागात पडलं. तज्ज्ञाची तारीख मिळाली, पुढच्या महिन्यातली. बाईंनी बाबांना नवा सदरा घेऊन ठेवला.

आता राहिली रविवारची टोळी. ही मंडळी म्हणजे निवृत्त मेकॅनिक, हौशी, विमानवेडे. पगार नाही, काही नाही, रविवारी डबे घेऊन यायचे आणि विमान दुरुस्त करायचे. त्यांचा म्होरक्या होता नटबोल्ट. जन्मभर विमानं उघडण्यात आणि मिटण्यात गेलेला गडगड्या माणूस, बोलायला लागला की शेड घुमायची. बाबांवर त्याचा असा जीव, की बाबा आत आले की तो हातातला पाना ठेवून उभा राहायचा. बाबा त्यांच्यात बसून ती लिव्हरची गोष्ट सांगायचे आणि ते सगळे दर वेळी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे ऐकायचे. पिन तुटलीच असणार सर, नटबोल्ट म्हणायचा, आम्ही काय अशा पिना बघितल्या नाहीत का? बाईंना त्याच्याबद्दल बरं वाटायचं ते एवढ्यासाठीच. साऱ्या जगात बाबांवर विश्वास ठेवणारी माणसं ती, तेलकट कपड्यांतली.

त्या रविवारी शेडमध्ये पाऊल टाकल्याटाकल्या बाईंना काहीतरी वेगळं जाणवलं. टोळी धुतलेल्या कपड्यांत उभी. विमान जॅकवर उचललेलं, चाकं जमिनीपासून सुटलेली. क्युरेटरसाहेबही होते, आणि त्यांनाही आत काय चाललंय याचा पत्ता नव्हता. मला नुसतं या म्हणाले, असं त्यांनी सांगितलं. नटबोल्टने बाबांचा हात धरून त्यांना शिडीवरून वर चढवलं, कॉकपिटमध्ये बसवलं, खांद्यांवर पट्टे अडकवले. मग खाली येऊन त्याने हात जोडले आणि सांगितलं, सर, लिव्हर वर घ्या. बाबांनी घेतली. कुठेतरी पंप घरघरला आणि विमानाची तिन्ही चाकं दुमडून पोटात गेली, दारं बंद झाली. टोळीने श्वास रोखून धरलेला. आता खाली, नटबोल्ट म्हणाला. बाबांनी लिव्हर खाली ओढली. दारं उघडली, चाकं रुबाबात बाहेर आली, आणि बाबांच्या तोंडावर तीन दिव्यांचा हिरवा उजेड पडला.

शेड टाळ्यांनी दणाणली. दोघातिघांच्या डोळ्यांत पाणी होतं. नटबोल्ट तर लहान मुलासारखा रडत होता. आमच्या सरांनी चाकं उतरवली, म्हणत होता, आमच्या सरांनी उतरवली.

बाईंनीही दोन टाळ्या वाजवल्या. तिसरी वाजलीच नाही. लिव्हर ओढली आणि चाकं आली, म्हणजे लिव्हर पुढे कशाला तरी जोडलेली होती. म्हणजे कुणीतरी जोडली. म्हणजे पत्रा उघडला. त्यांनी वर बघितलं, तर बाबा टाळ्या वाजवणाऱ्यांकडे बघत नव्हते. ते मान खाली घालून स्वतःच्या सीटखाली बघत होते.

बाईंनी विचारलं, पत्रा कुणी उघडला?

नटबोल्टने डोळे पुसत, छाती काढून सांगितलं. गेले कित्येक रविवार तुम्ही गेल्यावर मागे थांबून हेच करत होतो, सरांना कळू द्यायचं नव्हतं. दांड्या नव्या, सांधा नवा, पिना नव्या, हायड्रॉलिकच्या नळ्या नव्या. जुनं एक म्हणून ठेवलं नाही.

आणि जुना सांधा? जुनी पिन?

त्याला प्रश्नच कळला नाही. जुनं म्हणजे टाकलं, तो म्हणाला. मग बाईंच्या चेहऱ्याकडे बघून त्याचा आवाज उतरला. मोठा माल भंगारवाला घेऊन गेला. बारीकसारीक त्या कोपऱ्यातल्या भंगाराच्या ड्रममध्ये असेल. पण त्याचा काही उपयोग नाही, सगळं कापलेलं आहे.

कापलेलं म्हणजे काय, ते क्युरेटरसाहेबांनी विचारलं, आणि विचारताना त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं होतं. त्यांना टोळीतल्या सगळ्यांनी मिळून समजावलं. विमानातून काढलेला भाग अख्खा ठेवायचा नसतो. झिजलेली पिन चुकून परत कुणाच्या हाताला लागली, कुणी घाईत बसवली, तर माणसं मरतात. म्हणून काढलेल्या प्रत्येक वस्तूचे आधी दोन तुकडे करायचे, मगच ती टाकायची. नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवतात. दिवसाच्या शेवटी काढलेल्या मालाचा ट्रे लोखंड कापायच्या कातरीखाली धरायचा. हाताला सवयच आहे. कुणी बघतही नाही काय कापलं ते.

"तुम्ही बघितली का ती पिन?" बाईंनी विचारलं. "काढताना. एकाने तरी. तुटलेली होती की धड होती?"

मग त्यांच्यातला एकजण, ज्याने हात घालून सांधा सोडवला होता, तो चाचरत म्हणाला, की तिथे डोकं जात नाही, नुसता हात जातो, सगळं ग्रीसमध्ये माखलेलं होतं, मी चाचपून काढलं आणि ट्रेमध्ये टाकलं. पिन एक तुकडा होती की दोन, ते मी पाहिलंच नाही. पाहायचं कशाला, सरांनी सांगितलंच होतं ना तुटली म्हणून.

इथे बाई सुटल्या. इतकी वर्षं विद्यार्थ्यांवर खर्च झालेला राग म्हणजे काहीच नव्हता, असं त्या दिवशी शेडमधल्या प्रत्येकाला कळलं. त्यांनी त्यांची अक्कल काढली, त्यांची वयं काढली, त्यांचे डबे काढले. शत्रू परवडला, म्हणाल्या, तो निदान समोरून येतो. ज्या साहेबांनी बाबांना विसरभोळा ठरवलं त्यांनी पत्र्याला हात लावला नाही, म्हणून तो पुरावा इतकी वर्षं जिवंत राहिला. पाखरांनी ठेवला, पोरांनी ठेवला, ऑइलपेंटवाल्यांनी ठेवला. आणि तुम्ही, तुम्ही प्रेमाने कापलात. माझ्या बाबांना खेळणं बनवून दिलंत, लिव्हर वर, लिव्हर खाली. कुणी मागितलं होतं? क्युरेटरसाहेबांनाही सोडलं नाही. गाजावाजा नको म्हणून ज्यांना सांगायचं त्यांनाच सांगितलं नाही, हे तुमचं रीतसर. साहेब चष्मा पुसत राहिले. ते खरंच होतं, त्यांनी टोळीला एक शब्द सांगितला नव्हता.

मग बाई त्या ड्रमपाशी गेल्या आणि त्यांनी तो सरळ आडवा पाडला.

खळ्ळ करून सगळं फरशीवर पसरलं. बाई गुडघ्यांवर बसल्या आणि दोन्ही हातांनी उपसायला लागल्या. पिना, पिनांची टोकं, वायसर, बोल्टांचे अर्धे तुकडे, सगळं काळं आणि चिकट. बहुतेकांची कड चपटी, कातरीने चावलेली. आणि मग त्यांच्या बोटांना एक तुकडा लागला, त्याची कड वेगळी होती. फाटलेली, वेडीवाकडी. चपटी नाही. त्यांनी तो वर धरला आणि म्हणाल्या, ही कापलेली नाही, ही तुटलेली आहे.

नटबोल्ट शेजारी बसला. त्याने तुकडा घेतला, अंगठ्याने पुसला, उजेडाकडे धरला. त्याच्या डोळ्यांत आशा आली आणि गेली, हे बाईंनी अगदी जवळून पाहिलं. मग त्याने काही न बोलता ढिगात हात घातला आणि तसाच दुसरा तुकडा काढला. मग तिसरा. अडकलेल्या पिना ठोकून काढाव्या लागतात ताई, तो म्हणाला, निम्म्या काढतानाच तुटतात. आणि ह्याच मापाची पिन एकेका विमानात जागोजाग असते. आम्ही इथे दुसरी विमानंही उघडलीत. बाईंच्या ओंजळीत तुटलेल्या पिना जमल्या. हव्या तेवढ्या होत्या.

नटबोल्टने त्यांतली एक उचलली. मग खालच्या आवाजात म्हणाला, यातली एक सरांची म्हणू या. मी लिहून देतो, की सांध्यातून मी स्वतः काढली, तुटलेली होती. ज्याने सांधा सोडवला तो हाही लिहून देईल. आम्ही सगळे देऊ. सर खोटं बोलत नाहीत, मग हे तरी खोटं कसं?

बाईंनी क्युरेटरसाहेबांकडे बघितलं. साहेबांनी चष्मा घातला, काढला. त्यांना ते आवडलेलं नव्हतं, पण त्यांच्याही गळ्याशी आलं होतं. ते म्हणाले, ज्यांनी काढलं त्यांनीच लेखी दिलं, तर मला ते नाकारता येणार नाही. पाटी बदलेल.

पाटी बदलेल. बाईंच्या कानांत तेवढंच राहिलं. खरं सांगायचं तर त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. हो म्हणाल्या. लिहा, आत्ताच लिहा, कागद कुठे आहे? उघड्या डोळ्यांनी त्या खोटेपणाला तयार झाल्या, आणि त्यांना त्याचं काही वाटलं नाही. ज्यांनी खरं मारलं त्यांनी निदान एवढं भरून द्यावं, असंच वाटलं.

"मला खाली उतरवा," वरून आवाज आला.

कॉकपिटमध्ये बाबा आहेत, हे सगळे विसरलेच होते. दोघांनी धावत जाऊन पट्टे सोडवले, शिडीवरून त्यांना उतरवलं. कानाने कमी असलेल्या माणसाने सगळं ऐकलं होतं. ते नटबोल्टसमोर येऊन उभे राहिले आणि बाईंनी जन्मात न पाहिलेलं पाहिलं. बाबा रागावले होते.

"त्यांनी पत्रा न बघता लिहिलं," बाबा म्हणाले. "आता तुम्ही पिन न बघता लिहिणार. ती माणसं मला आयुष्यभर पुरली. त्यात आणखी भर घालू नका."

नटबोल्ट रडत म्हणाला, सर, आमचा विश्वास आहे म्हणून. बाबा म्हणाले, तुमचा विश्वास होता म्हणूनच तुम्ही बघितलं नाही. हे ते ओरडून म्हणाले. त्यांचा आवाज शेडच्या छतावर आपटला, आणि म्हातारा माणूस त्या आवाजाने स्वतःच दचकला. मग त्यांनी बाईंच्या हाताला धरलं, त्या ओंजळीतल्या पिना खाली पडू दिल्या आणि फाटकाकडे चालायला लागले. मागे वळून विमानाकडेही बघितलं नाही.

गाडीत बसल्यावर बाईंचा पारा पुन्हा चढला, आणि या वेळी तो बाबांवर. हात काळे, नखांत ग्रीस, स्टिअरिंगला डाग पडत होते. त्या बोलत सुटल्या. तोंडाशी आलेला घास तुम्ही थुंकलात. चार ओळी लिहिल्या असत्या तर कुणाचं काय गेलं असतं? ते साहेब मेले, घसरगुंडी म्हणणारे मेले, आई मेली. आई मरताना पाटीवर काय आहे ते विचारत होती, ठाऊक आहे तुम्हाला? तुम्हाला तुमचं खरंखोटं मोठं. तुम्ही कोठारात ब्लँकेटं मोजत मजेत बसलात, पण शाळेत मार मी खाल्ला, मार मी दिला, अजून देतेय. तुमच्यासाठी सगळ्या गावाशी वैर घेतलं मी, आणि तुम्ही एक हो म्हणू शकला नाहीत.

बाबा खिडकीतून येणाऱ्या उन्हाकडे तोंड करून बसलेले. नेहमीसारखेच गप्प, आणि त्या गप्प बसण्याने बाई आणखी पेटल्या. सिग्नल लागला म्हणून त्यांनी गाडी थांबवली, ब्रेक जरा जोरातच दाबला. आणि तेव्हा, कुठून कोण जाणे, त्यांच्या मनात पाल चुकचुकली. समोर आलेलं निर्दोषपण माणूस ढकलून देतो, ते का? पत्र्याखाली आता काही नाही, कुणाला कधी काही कळणार नाही, मग कुणाला घाबरायचं? की आता कळणार नाही म्हणूनच? त्यांनी ते झटकायला मान हलवली, पण तोंड त्यांचंच होतं, कधी थांबलेलं नव्हतं.

"बाबा, तुम्ही लिव्हर खाली ओढली होती ना?"

विचारलं आणि त्यांचं त्यांनाच कळलं, की हे त्यांनी आजवर कधीच विचारलेलं नव्हतं. शब्द परत गिळता आले असते तर त्यांनी गिळले असते.

बाबांनी मान वळवली. रागावले नाहीत. अंधुक डोळ्यांनी लेकीचा चेहरा शोधल्यासारखं त्यांनी बघितलं.

"मला ठाऊक होतं मी काय केलं ते," ते म्हणाले. "तुझ्या आईलाही ठाऊक होतं. पत्रा मला तुझ्यासाठी उघडायचा होता."

माझा विश्वास आहे, असं म्हणायला बाईंनी तोंड उघडलं. बाबा परत खिडकीकडे वळले होते. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली होती, कुणीतरी शिवीही घातली, आणि बाईंच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.